पोचलं, असं कोण म्हणालं?

‘डिलिव्हर्ड.’ मोबाईलवर हिरव्या अक्षरात हा शब्द उमटला की कंपनीच्या लेखी सगळं मिटलं. माल पोचला, पोरगा मोकळा, पैसे जमा. मग चार दिवसांनी गिऱ्हाईक खाली दुसरा शब्द टाकतं: मिळालं नाही. तिथून जो मामला सुरू होतो त्यात कोण मरतं, कोण तरतं आणि कोण मधल्यामध्ये बसून दोन्हीकडनं खातं, हे आज लिहायचं आहे. काही साहित्यिक मित्र म्हणतील, लिटल मॅगझिनच्या संपादकीयात ही पार्सलं कुठून आली? आमच्या पाठीवरनं आली, बाबांनो. तुमच्या कवितासंग्रहांची पुडकीसुद्धा त्याच पाठीवरनं जातात.

मी हिंजवडीच्या अंगाला एका गोडाऊनमध्ये डॉकवर हमाल आहे. कॉम्प्युटरवाले हिंजवडीला पुणे म्हणतात, सातबारा तिला मुळशी तालुका म्हणतो. ट्रकचं मागचं दार ज्या फलाटाला लागतं त्याला इथं डॉक म्हणतात. समुद्र नाही, भरती-ओहोटी नाही, भोंगा तेवढा आहे. माझा आजा खऱ्या गोदीत होता, मुंबईला. मावळ-मुळशीची माणसं पिढ्यान् पिढ्या मुंबईला ओझी वाहायला गेली. कुणी गोदीत, कुणी मार्केटात, कुणी डबे डोक्यावर घेऊन. आता मुंबईला जायची गरज उरली नाही. ओझंच आमच्या दारात आलं. दहावी शिकलोय, कविता करतो, रात्रपाळीला इतरांची खरेदी उचलतो.

तर गोष्ट माझ्या वहिनीची. वस्तीतल्या चार-पाच बाया मिळून गोधड्या शिवतात. जुनी लुगडी, जुनी धोतरं, हाताचा टाका. दोघी बसल्या तर एका गोधडीला बारा दिवस जातात. पूर्वी ही गोधडी थंडीत पोरांच्या अंगावर असायची आणि त्यावर वास मारते म्हणून शाळेत पोरं हसायची. आता तीच शहरात भिंतीला टांगतात. ठीक आहे, टांगा. मोबाईलवर दुकान उघडलं. दुकानाला नाव दिलं, फोटो मी काढले, इंग्रजी वर्णन पुतणीनं लिहिलं. १,४०० रुपयांची गोधडी. कंपनीचं कमिशन, वाहतूक, आणखी कसलेकसले कर आणि फी जाऊन हातात हजाराच्या आसपास. बारा दिवस, दोघी जणी. हिशोब तुम्हीच करा.

सहा गोधड्या नीट गेल्या. सातवी मुंबईच्या एका सोसायटीत गेली. मोबाईल म्हणाला, डिलिव्हर्ड. गिऱ्हाईक म्हणालं, मिळाली नाही. कंपनीनं पुरावा काढला: बंद फाटकाचा एक फोटो आणि सही म्हणून एक रेघ, गांडूळ वाळत पडावं तशी. निकाल दोन दिवसांत. गिऱ्हाइकाला १,४०० परत. वहिनीच्या खात्यावर शून्य, वर जाण्याचं भाडं वजा. गोधडी कुठं गेली ते गोधडीला माहीत.

मी असं म्हणत नाही की गिऱ्हाईक खोटं बोललं. वॉचमननं घेतली असेल. शेजाऱ्यानं घेतली असेल. पोरानं पाचव्या मजल्यापर्यंत जायचा कंटाळा केला असेल, कारण त्याला त्या दिवशी अजून साठ घरं उरकायची होती. मला एवढंच विचारायचं आहे, की वहिनीला कुणी विचारलं का? एक बटण होतं, ‘अपील करा’ म्हणून. दाबलं. तिसऱ्या दिवशी इंग्रजीत उत्तर आलं की आपला दावा तपासून फेटाळण्यात आला आहे. कुणी तपासला? नाव नाही. काय तपासलं? सांगितलं नाही. वहिनी म्हणाली, “भावजी, पाटलाच्या वाड्यावर निदान पायरीखाली उभं करून ऐकत तरी होते. हितं उभं करायला पायरी बी न्हाई.”

नववी गोधडी परत आली. ‘पसंत नाही’ म्हणून. पिशवी उघडली तर आत फाटकी बेडशीट. गिऱ्हाइकाचं म्हणणं, हेच मला मिळालं होतं. कंपनीचं म्हणणं, पार्सल उघडतानाचा न तुटलेला व्हिडिओ द्या. वहिनीच्या मोबाईलमध्ये जागा नव्हती. पोरांचे, देवळाचे, १४ एप्रिलच्या मिरवणुकीचे फोटो भरलेले. व्हिडिओ अर्ध्यावर थांबला. झालं, केस फेटाळली. आता ह्याच्या पुढं जो मजकूर आहे तो मी डॉकवरचा माणूस म्हणून लिहितो, कारण तिथं उभं राहिल्याशिवाय तो कळत नाही.

पार्सल डॉकवर आलं की पट्ट्यावरनं जातं. वर कॅमेरा, खाली तराजू. वजन घेतलं जातं, लांबी-रुंदी-उंची घेतली जाते. कशासाठी? भाड्यासाठी. बहुतेक कुरियरवाले सेंटिमीटरमधल्या तिन्ही मापांचा गुणाकार करून त्याला ५,००० नं भागतात. आलेला आकडा खऱ्या वजनापेक्षा जास्त असला तर भाडं त्या आकड्याचं. गोधडी घडी करून ४५ बाय ३५ बाय २० भरते. गुणाकार ३१,५००, भागिले ५,०००, म्हणजे ६ किलो ३००. खरं वजन २ किलो ६००. उरलेल्या वजनाचं भाडं हवेचं. हवासुद्धा ह्यांनी वहिनीला विकली. ते राहू द्या. सांगायचं हे, की जाताना पार्सलचं वजन लिहिलेलं असतं आणि परत येतानाही तराजू असतोच. गेली तेव्हा २ किलो ६००. परत आलेली पिशवी मी घरी काट्यावर टाकली, ७०० ग्रॅम. हा फरक तराजूला कळला, पण निकाल देणाऱ्याला कळला नाही. कारण तराजू भाडं वसूल करायला ठेवलाय, न्याय करायला नाही. ज्या पुराव्यानं वहिनीचं म्हणणं खरं ठरलं असतं तो पुरावा त्यांच्याच कपाटात आणि कपाटाची किल्ली त्यांच्याच कमरेला. मोबाईलमध्ये जागा नसलेल्या बाईकडं मात्र व्हिडिओ मागायचा!

आजा सांगायचा, गोदीत माल उतरताना दोन टॅली क्लार्क उभे असायचे. एक जहाजाच्या बाजूचा, एक गोदीच्या बाजूचा. क्रेनचा झोका खाली आला की दोघं आपापल्या वहीत लिहिणार. पोती पंचवीस, पेट्या अठरा, एक फुटकी. दोन वह्या जुळल्या नाहीत तर तिथंच बोंबाबोंब, तिथंच शेरा. जहाजाच्या कागदावर तर इंग्रजीत सरळ छापलेलं असतं, ‘सेड टू कंटेन’. म्हणजे आत अमुक माल आहे असं पाठवणारा म्हणतो, आम्ही उघडून पाहिलेलं नाही. गोदीत काय स्वर्ग नव्हता. चोऱ्या होत्या, मुकादमाची दंडेली होती, आजाची पाठ तिथंच मोडली. पण माल मोजणारा एक आणि पैसा अडवणारा तोच, निकाल देणाराही तोच, असला प्रकार साहेबाच्या राज्यातही चालत नव्हता. दोन धंदेवाईक एकमेकांवर विश्वास ठेवत नव्हते, म्हणून दोन वह्या होत्या. आज वही एकच आहे. आणि ती क्लाऊडमध्ये आहे म्हणतात, म्हणजे ढगात. तिथं आपला हात पोचत नाही.

डबेवाल्यांचंच बघा. १८९० पासून मुंबईत त्यांचा धंदा, महादू हावजी बच्चे ह्यांनी सुरू केलेला. ह्यात आमच्या मावळ, मुळशी, खेड, जुन्नरच्या माणसांची भरती. कोविडच्या आधी सुमारे ५,००० माणसं रोज सुमारे २ लाख डबे पोचवत. डब्यावर रंगानं काढलेली खूण, ना सही, ना फोटो, ना ओटीपी. तरी ‘डबा मिळाला नाही’चं भांडण क्वचित. का? लोक कौतुकानं म्हणतात शिस्त, टोपी, वारकरी वगैरे. ते असेल. मला दुसरं दिसतं. रिकामा डबा संध्याकाळी त्याच साखळीनं घरी परत येतो. रिकामा डबा हीच पोच. खाणाऱ्यानं खाल्लं ह्याचा पुरावा खाणाऱ्याच्याच हातून परत येतो, आणि दोन्ही टोकांना ओळखीचा माणूस उभा असतो. ऑनलाईन धंद्यात परत काय येतं? तक्रार.

आता कायद्याचं. मी वकील नाही, पण डॉकवर रात्री दोन ते चार गाडी नसते, तेव्हा वाचतो. १९३० चा मालविक्रीचा कायदा आहे, सेल ऑफ गुड्स ॲक्ट. त्याचं ३९ वं कलम म्हणतं, की करारानं माल पाठवायचा ठरलं असेल तर विकणाऱ्यानं तो वाहतूकदाराच्या किंवा बंदरावरच्या वखारवाल्याच्या हाती दिला की, उलट पुरावा नसेल तोवर, तो घेणाऱ्याला दिला असंच धरावं. म्हणजे वहिनीनं गोधडी पिकअपवाल्याच्या हातात ठेवली तिथं तिचं काम संपायला हवं होतं. पण हाच कायदा पुढं ६२ व्या कलमात सांगतो, की दोन पक्षांनी वेगळा करार केला तर तो चालेल. तो वेगळा करार आम्ही कधी केला? दुकान उघडताना. ‘मान्य’ म्हणून बोट दाबलं तेव्हा. पानंच्या पानं इंग्रजी, आणि पुतणी म्हणाली, “दाबा काका, नायतर पुढं जात न्हाई.” कुळानं कोऱ्या कागदावर अंगठा देण्यात आणि ह्यात फरक एवढाच, की अंगठ्याला शाई लागली नाही.

गिऱ्हाइकाचं बरं आहे, आणि बरं असायलाच पाहिजे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा, तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. लगेच त्याच महिन्यात ई-कॉमर्सचे नियम आले. गिऱ्हाइकाची तक्रार ४८ तासांत नोंदवून पोच द्यायची, महिन्यात निकाली काढायची. १९१५ नंबरवर फोन करता येतो, जिल्ह्याच्या आयोगात घरबसल्या तक्रार टाकता येते. हे सगळं लढून मिळालेलं आहे, त्यावर थुंकायचं कारण नाही. आम्हीही गिऱ्हाईकच आहोत. आमच्या वस्तीतही मोबाईल म्हणून साबण येतो. पण विकणाऱ्या बाईला असा ४८ तासांचा नियम कुठं आहे? कायद्यानं गिऱ्हाईक म्हणजे विकत घेणारा. पुन्हा विकण्यासाठी, धंद्यासाठी घेणारा त्यातनं वगळला. गोधडीवाली बाई आणि मोठा कारखानदार एकाच शब्दात बसवले, ‘सेलर’. तिनं दाद मागायची तर दिवाणी कोर्टात नाही तर करारात लिहिलेल्या लवादापुढं, १,४०० रुपयांसाठी. पौडहून एसटीनं निघून.

कंपन्या म्हणतात, लबाडी फार होते. होते ना! २०१७ साली दिल्लीत एका २१ वर्षांच्या पोराला पकडलं. त्यानं १६६ महागडे फोन मागवले आणि खोका रिकामा आला असं सांगून पैसे परत घेतले, ५० लाखांच्या घरात. २०२४ साली मिंत्रानं बंगळुरात पोलिसात तक्रार दिली, माल कमी आला, चुकीचा आला असे खोटे दावे करून १.१ कोटीचे परतावे उकळले म्हणून. हे झालं एका बाजूचं. आता दुसरं ऐका. ऑक्टोबर २०२१, केरळात आलुवा. माणसानं ७०,९०० रुपये आगाऊ भरून ॲमेझॉनवरनं आयफोन मागवला. खोक्यात भांडी घासायचा विम साबण आणि पाच रुपयांचं नाणं. त्यानं उघडतानाचा व्हिडिओ काढला होता म्हणून वाचला. पोलिसांनी शोध घेतला तेव्हा तोच फोन झारखंडात कुणीतरी वापरत होतं, तेही त्याची ऑर्डर पडायच्या आधीपासून. म्हणजे गिऱ्हाईक खरं होतं आणि माल वाटेत किंवा त्याच्याही आधी कुठंतरी फिरला होता. विचार करा, त्याच्याकडं व्हिडिओ नसता तर तोही त्या दिल्लीच्या पोराच्या रांगेत बसला असता.

मुद्दा असा, की खोटं कुठंही असू शकतं. घरात, गोडाऊनात, रस्त्यात, दुकानात. म्हणूनच विचारपूस लागते. आणि विचारपूस हीच गोष्ट ह्या धंद्यात महाग पडते. माणूस बसवून दोन्ही बाजू ऐकायच्या म्हणजे पगार आला. त्यापेक्षा गिऱ्हाइकाला देऊन टाका आणि विकणाऱ्याकडनं कापून घ्या, हे स्वस्त. त्याला ते ‘ग्राहक हाच राजा’ म्हणतात. राजाचा खर्च कुणाच्या ताटातनं चाललाय ते कुणी सांगत नाही.

कापाकापी तिथंच थांबत नाही. आमच्या डॉकवरनं माल भरून नेणाऱ्या पोरांना विचारलं. ती सांगतात, ‘मिळालं नाही’ असं आलं की पोराच्याही हप्त्यातनं रक्कम कापली जाते, नाहीतर त्याचा आयडी बंद. आयडी बंद म्हणजे नोकरी गेली, पण नोकरी होती असं म्हणायचं नाही, तो तर ‘पार्टनर’! म्हणजे एकच गोधडी, वसुली दोन जागी. सावकार व्याजावर व्याज लावायचा, हे हरवण्यावर लावतात.

आणि कधीकधी पोराचा जीवच जातो. फेब्रुवारी २०२३, कर्नाटकात अरसीकेरे. ४६,००० चा फोन पैसे दारात द्यायच्या बोलीवर मागवलेला. द्यायला पैसे नव्हते, म्हणून डिलिव्हरीच्या पोरालाच मारला. २०२४ साली लखनौत पुन्हा तेच, दीड लाखाच्या मालासाठी. दोन्ही वेळा मोबाईलवर काय उमटलं असेल हो? मला झोप येत नाही ते आठवून.

लखनौचंच आणखी एक. जून २०२२. जेवण पोचवणाऱ्या एका दलित पोरानं पोलिसात तक्रार दिली, की नाव सांगितल्यावर जात काढली, तुझ्या हातचं घेणार नाही म्हणाले, तोंडावर थुंकले आणि मारलं. समोरच्यांनी वेगळी हकिकत सांगितली. खरं-खोटं त्यांच्या कोर्टात. पण आमच्या डॉकवर परत आलेल्या मालाला कारण लावायची यादी असते: पत्ता सापडला नाही, फोन उचलला नाही, पैसे तयार नव्हते, गिऱ्हाइकानं नाकारलं. त्या ‘नाकारलं’ ह्या चार अक्षरांच्या पोटात काय काय मावतं पाहा. जात हे कारण यादीत नाही. यादीत नाही म्हणून देशात नाही, असं मानणारे विद्वान पुण्यात कमी नाहीत.

पत्त्याचंही तसंच. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला. तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्याकडचेच. सहा आकडे, सगळ्यांना सारखे. पौडला ४१२१०८, हिंजवडीला ४११०५७. त्यात वाडा नाही, वस्ती नाही, मला तो आकडा आवडतो. पण आकडा गावापर्यंत आणतो, पुढं विचारतच यावं लागतं. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारनं ठरवलं, की महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती अशी जातीची नावं काढून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायची. चांगलं केलं. आता पार्सलवर भीमनगर लिहिलेलं असतं आणि नवखा पोरगा वेशीवर विचारतो, तेव्हा पारावरचा म्हातारा हसून जुन्या नावानं वाट दाखवतो. नाहीतर ‘असलं काही इथं नाही’ म्हणून परत लावतो. मोबाईलवर उमटतं, पत्ता सापडला नाही. ताम्हिणीकडच्या वाड्यांत, कातकऱ्यांच्या पाड्यांवर रेंज नाही, ओटीपी येतच नाही. पोरगा पावसात उभा, बाई दारात उभी, माल दोघांच्या मध्ये, आणि यंत्र म्हणतं, गिऱ्हाईक उपलब्ध नाही! शेवटी पोरगं ओळखीच्या भरवशावर कुठल्यातरी किराणा दुकानात माल टाकून ‘डिलिव्हर्ड’ मारतं. त्यानं काय करावं म्हणता? तिथूनच पुढं वाद सुरू होतो.

ह्या तालुक्याला कागदावर पोचलेल्या मालाची सवय जुनी आहे. १६ एप्रिल १९२१, रामनवमी. टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशीत सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे पुढं होते, १९२४ पर्यंत चालला. धरण झालंच. पाणी घाट उतरून भिऱ्याला गेलं, वीज मुंबईला. आणि नुकसानभरपाई? ती ‘पोचली’. पुण्याच्या सावकारांकडं इथल्या कितीतरी जमिनी अडकलेल्या होत्या. ज्याचं नाव कागदावर त्याच्या हाती रोकड आली, ज्याची हाडं त्या चिखलात झिजली त्याच्या हाती गाव सोडायची नोटीस आली. सरकारच्या वहीत मात्र हिशोब चोख. आता कुणी म्हणेल, कुठं धरण आणि कुठं गोधडी. मी तुलना मोठेपणाची करत नाही, वहीची करतो.

एक खरं सांगितलं पाहिजे. ऑनलाईन बाजारानं आम्हाला काहीच दिलं नाही असं नाही. वाण्याच्या दुकानात आजीनं नाणं ओट्यावर लांबून ठेवायचं आणि वाण्यानं पुडी वरनं सोडायची, ती पण डिलिव्हरीच होती, त्या काळची. हातातल्या मोबाईलला विटाळ कळत नाही. गोधडी कुणी शिवली हे न विचारता मुंबईची बाई ती घेते. २०१६ साली चंद्रभान प्रसादांनी ‘दलित फूड्स’ नावानं हळद, मिरची, लोणचं ऑनलाईन विकायला काढलं, नाव लपवून नाही, नाव छापून. ह्याला हिंमत लागते. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ काढला तेव्हा ‘केसरी’नं पैसे देऊनही त्याची जाहिरात छापायला नकार दिला होता. आता पैसे दिले की जाहिरात कुणीही लावतं. तेवढं पाणी पुलाखालनं गेलंय. म्हणून मी दुकान बंद करा म्हणत नाही. वहिनीनं बंद करायचं काढलं होतं, तिला मीच अडवलं. बाजारातनं आपण उठलो तर जागा दुसरा घेतो, आणि आपण पुन्हा जत्रेत रस्त्याच्या कडेला बसतो.

पण बसायचं तर वहीत आपला हात पाहिजे. डॉकवर जाताना आणि येताना घेतलेलं वजन, फोटो, स्कॅनच्या वेळा, डिलिव्हरीच्या वेळचं ठिकाण, हे विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांना दिसलं पाहिजे, मागावं न लागता. दावा आला की विकणाऱ्याला तिच्या भाषेत कळवलं पाहिजे आणि तिचं ऐकल्याशिवाय एक पैसा कापता कामा नये. फेटाळलं तर फेटाळणाऱ्या माणसाचं नाव आणि कारण. गिऱ्हाइकाचे पैसे अडवा असं आम्ही म्हणत नाही. त्याला द्या, लगेच द्या, पण चौकशी होईपर्यंत तो बोजा कंपनीनं सोसावा. ती दर पार्सलामागं कमिशन खाते, मग दर पार्सलाची जोखीमही तिनं घ्यावी. पोराच्या हप्त्यातनं परस्पर कापणं बंद. कर्नाटकानं २०२५ च्या कायद्यात अशा कामगाराला काढायचं तर लेखी कारण आणि १४ दिवसांची नोटीस घातली आहे. दिल्लीचा सामाजिक सुरक्षेचा कायदा २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाला, त्यात ह्या पोरांच्या कल्याणनिधीची सोय आहे, कापाकापीचा बंदोबस्त नाही. आणि आमचा माथाडी कायदा १९६९ चा, अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातनं आलेला. तो कायदा आमच्या डॉकच्या फाटकाबाहेर उभा आहे. आत ठेकेदार आहे.

ह्या अंकालाही हाच नियम. ‘अंक मिळाला नाही’ अशी कार्डं आणि मेसेज आम्हालाही येतात. २०२५ साली रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं, तो खर्च आमच्या अंकाला झेपत नाही, म्हणून साध्या टपालानं पाठवतो. काही सभासदांचं मत पडलं, की काही लोक एक अंक फुकट मिळवायला असं लिहितात. लिहीत असतील. दुसऱ्यांदा फुकट घेऊन आमचा अंक वाचणारा माणूस मला तरी शत्रू वाटत नाही. एक अंक विनातक्रार पुन्हा जाईल. दुसऱ्यांदा तीच तक्रार आली तर पोस्टमनलाही विचारू आणि वर्गणीदारालाही, दोघांसमोर.

पुढचा अंक ह्याच विषयावर आहे. हिंजवडी, पिरंगुट, भूगाव, पौड ह्या पट्ट्यात ज्या बाया-बाप्यांनी ऑनलाईन तांदूळ, मसाले, चपला, गोधड्या, काहीही विकलं आणि ज्यांचे पैसे असे कापले गेले, त्यांनी कागद पाठवावेत. फेटाळल्याचा मेसेज, वजनाची पावती, फोटो, जे असेल ते. गाड्यांवरच्या पोरांनी कापलेल्या हप्त्याचे आकडे पाठवावेत. ज्यांना माल मिळाला नाही आणि कुणी ऐकलं नाही त्या गिऱ्हाइकांनीही. नावं छापणार नाही, तारखा आणि रकमा छापू, तिन्ही बाजू एकाच पानावर. टपालानं पाठवा किंवा रविवारी वस्तीतल्या वाचनालयात आणून द्या. आणून दिलंत तर पोच तिथल्या तिथं लिहून मिळेल, दोन प्रती, एक तुमच्याकडं.